हवालदार काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझी रहस्यकथा यंदाच्या दिवाळी अंकासाठी स्वीकारली गेली. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते.

मी तुमच्याकडे आले ती एकच प्रश्न घेऊन: मृत्यूची वेळ कशी ठरते? तुम्ही उलट मलाच विचारलंत, "ताई, महिना कोणता हाय?" मी म्हटलं, मे. "मंग आपल्या नागपुरात मढं थंड कसं पडन?"

तिथून माझी कथा बदलली. जिवंत माणसाचं अंग ३७ अंश, बाहेर पारा ४५ वर. महाल भागातल्या बंद, तापलेल्या खोलीत देह निवतच नाही. ताठरपणाही लवकर येतो आणि लवकर उतरतो. कूलर सुरू असेल तर सगळं गणित निराळं. "अंगाचं डॉक्टर पाहीन," तुम्ही म्हणालात, "आपण टाकी पाहाची." रात्री काठोकाठ भरलेली कूलरची टाकी सकाळी कुठवर उतरली, वाळ्याच्या ताट्या ओल्या आहेत की वरून सुकायला लागल्यात, पंप बंद करून नुसता पंखाच कुणी चालू ठेवला का. नागपूरच्या कितीतरी घरांत उन्हाळाभर असं एक घड्याळ चालू असतं आणि ते आपण रोज पाहतो! माझं अख्खं रहस्य आता त्या टाकीवर उभं आहे.

पंचनामा कसा लिहितात हेही तुम्हीच दाखवलंत. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. "टेबलावर दोन कप, एक पालथा." बस. पालथा का, ते लिहायचं नाही. मी कथेतल्या खोलीचं वर्णन त्याच चालीत केलं आणि टाकीतलं पाणी कॅलेंडर आणि चपलांच्या मध्ये नोंदवून पुढे गेले. वाचकासमोर सगळं उघडं ठेवायचं, फक्त त्याकडे बोट दाखवायचं नाही. उत्कंठेची याहून चांगली शिकवण मला कुठे मिळाली नाही.

आणि शेवट! आपल्याकडच्या कितीतरी कथांत गुन्हेगार शेवटच्या पानावर इन्स्पेक्टरसमोर रडत कबुली देतो. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ तेच सांगत होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातलं कलम २३ ही तेच सांगतं. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं ग्राह्य. हे तुम्ही समजावल्यावर माझा शेवट कबुलीवरून उठून अंबाझरी तलावाच्या काठी, पंचांसमोर काढलेल्या एका पिशवीपर्यंत गेला. तिथे कुणी रडत नाही, तरी मला तो जास्त अंगावर येतो.

निवृत्तीनंतरच्या तुमच्या दुपारी तुम्ही माझ्यासाठी खर्च केल्यात. कंटाळा न करता तेच तेच पुन्हा सांगितलंत. काकूंनी चहासोबत तर्री पोहेही खाऊ घातले. मनापासून आभार.

अंक हातात आला की आधी तुमच्याकडे घेऊन येते. पंचनाम्याचं पान लाल पेनाने तपासा. पुढच्या कथेत एक विहीर आहे, तिच्याबद्दलही विचारायचंय.

तुमची,
धरमपेठेतली लेखिका