वांगेची मुटूचं काम जरा जवळून दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत केनियाच्या चित्रकार-शिल्पकार वांगेची मुटूवर लेख आला, विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्स, पण "अर्धी बाई, अर्धं जनावर" असं म्हणून लेखकाने तिच्या चित्रांतल्या, पुतळ्यांतल्या बायकांना जे दोन ओळीत उरकलंय ना ते अजिबात पटलं नाही. अर्धं हे अर्धं ते असं तिच्याकडे नसतंच हो, दोन्ही गोष्टी एकाच जागी असतात आणि तीच तर खरी गंमत आहे.

तिची 2006 ची बारा कोलाजची मालिका घ्या. गर्भाशयाच्या गाठींची जुनी मेडिकल चित्रं घेतली, त्यांच्यावर मासिकांतले कापलेले डोळे, ओठ चिकटवले, वर फर आणि चमकी. लांबून एक ठसठशीत चेहरा आपल्याकडे बघत असतो, जवळ गेलं की कळतं आपण इतका वेळ ज्याला गाल समजत होतो तो आजाराचा तक्ता आहे, आता यात सुंदर कुठलं आणि भयंकर कुठलं ते वेगळं करून दाखवा बरं! कात्रीने कापल्याच्या कडाही ती लपवत नाही, जोड दिसतो तसा दिसू देते.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या दर्शनी भिंतीतले कोनाडे 1902 पासून रिकामे होते, 2019 मध्ये तिथे पहिल्यांदा पुतळे बसले ते हिचे, ब्राँझच्या चार बायका. जुन्या इमारतींत खांबाच्या जागी बायका कोरतात, डोक्यावर छत घेऊन उभ्या, या मात्र कसलाही भार न घेता निवांत बसल्यात. अंगभर वळ्यांवर वळी, ते चिलखत म्हणा नाहीतर दागिना म्हणा, आणि डोक्याचेहऱ्यावर चकचकीत तबकड्या, काही आफ्रिकी जमातींतल्या बायका ओठात घालतात त्यावरून सुचलेल्या. (लेखात यांचा फक्त "शोभेचे पुतळे" असा उल्लेख आहे, वाचून कपाळावर हात मारला.)

अलीकडे ती नैरोबीच्या स्टुडिओत लाल माती, लाकूड, शिंगं घेऊनही आकृत्या करते, त्याबद्दल तर लेखात चकार शब्द नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी फोटो स्टॅम्पएवढा छापू नका, एक पूर्ण चित्राचा आणि एक अगदी जवळून घेतलेला असे दोन द्या, आणि खाली नुसतं "मिश्र माध्यम" न लिहिता काय काय वापरलंय ते सगळं लिहा, जागा कमी पडली तर लेखातली विशेषणं कापा.

आपला,
एक नियमित वाचक