एका घटनेचे तीन वार

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

६ जून १६७४ ला वार कोणता होता हे मी एकदा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे मागे जात बघितलं तर बुधवार आला. पुस्तकात शिवराज्याभिषेकाचा दिवस शनिवार दिलेला, आणि जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांच्या तारीखवार नोंदींची जुनी यादी) काढून बघितली तर तिथे शुक्रवार. म्हणजे एकच घटना आणि वार तीन. मला वाटलं जुन्या लोकांनी नोंदीच चुकीच्या केल्यात, आणि एका व्याख्यानानंतर चार लोक उभे होते त्यांच्यात मी हे बऱ्यापैकी ठासून सांगितलं. तिथेच एक साठीच्या पुढच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही तीन ठिकाणी बघितलंत हे फार चांगलं केलंत. आता तिन्ही बरोबर आहेत असं धरून चला आणि मग बघा काय होतं."

त्या दिवसापासून त्यांच्याशी ओळख झाली, आणि आज जे तुम्हाला लिहितोय ते त्या ओळखीमुळेच. मी त्यांना ताई म्हणतो.

तर ते तीन वार. ताईंनी हातातल्या निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडून दाखवलं. आपण आज जे कॅलेंडर वापरतो ते ग्रेगोरियन, पण इंग्लंडने ते स्वीकारलं १७५२ मध्ये, तोपर्यंत त्यांचं जुनं ज्युलियन चालू होतं आणि शिवाजी महाराजांच्या काळात दोन्हींमध्ये १० दिवसांचा फरक होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता, त्याची तारीख त्याच्या हिशोबाने. म्हणजे आपली ६ जून ही जुन्या कॅलेंडरची, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर ती १६ जून १६७४ होते. मोबाइलला हे काही माहीत नसतं, तो आजचंच कॅलेंडर सरळ मागे नेतो म्हणून बुधवार दाखवतो. मी तिथेच १६ जून टाकून बघितलं तर शनिवार आला, अंगावर काटा आला माझ्या.

मग शुक्रवार कुठून आला? जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार लिहून पुढे म्हटलंय की तीन घटिका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटं, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी होता. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, मध्यरात्री नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यासाठी अजून शुक्रवारच चालू होता आणि इंग्रजी हिशोबाने शनिवार लागून गेलेला. कोणीच चुकलेलं नव्हतं. चूक एवढीच की मी माझं आजचं घड्याळ आणि आजचं कॅलेंडर त्यांच्यावर लादत होतो. ताईंनी हे बोलून दाखवलं नाही, फक्त कागद माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

ताई सरकारी रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला होत्या. जुनी जमिनीची कागदपत्रं मोडी लिपीत, ती वाचता येणारे लोक एकेक करून रिटायर होत गेले, म्हणून त्या एका जुन्या सहकाऱ्याकडे बसून मोडी शिकल्या, ती पण डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वेळात. पुढे नाद लागला तो लागलाच. कुठली पदवी नाही, पुस्तक नाही, भाषणं नाहीत. कोणी कागद आणून दिला की वाचून देतात, आणि लिप्यंतराच्या खाली ज्या अक्षराची खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकतात. मला माणूस म्हणून त्या पहिल्यांदा कळल्या त्या या प्रश्नचिन्हांवरून.

आमच्याकडे माळ्यावर एका रुमालात बांधलेले जुने कागद होते. (रुमाल म्हणजे कागद बांधायचं चौकोनी कापड, दफ्तरखान्यात याच शब्दाने मोजतात.) घर रंगवताना ते टाकून द्यायचे म्हणून बाहेर काढले होते, ताईंना सहज फोनवर बोललो तर म्हणाल्या हात लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको, आधी सगळ्यांचे फोटो काढा आणि कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. मग दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागलो.

मोडी लांबून बघितली तर नुसते वेलांटे वाटतात. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायचं, त्यामुळे दोन शब्दांमध्ये जागा अशी नसतेच. ऱ्हस्व दीर्घ पण वेगळं नाही. ताईंनी मला पहिल्याच दिवशी "करुनये" लिहून दाखवलं आणि विचारलं वाचा. मी म्हटलं करू नये. त्या म्हणाल्या करून ये पण होतं की. एक मनाई आणि एक हुकूम, आणि दोन्ही अक्षराला अक्षर सारखे! मागचं पुढचं वाक्य वाचल्याशिवाय, कोण कोणाला लिहितोय ते कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

त्यात वर्षं लिहायची पद्धत अजून वेगळी. शके असेल तर ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, पण बऱ्याच कागदांवर शुहूर सन (मराठेशाहीत चालणारी एक वेगळी वर्षगणना) असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला, इहिदे म्हणजे एक, खमस पाच, सितैन साठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, त्या वर्षाच्या कागदावर "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे ११६१ असतं, त्यात ५९९ मिळवले की १७६० येतो आणि ते वर्ष मृगापासून मृगापर्यंत असल्यामुळे पुढच्या वर्षातला जानेवारी त्यातच येतो. हे पाठ करायला मला दोन महिने लागले पण आता रस्त्याने चालताना सुद्धा तोंडात असतं.

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या रुमालातल्या एका पत्रावरचं वर्ष ताईंनी "खमस सबैन मया व अलफ" वाचलं, म्हणजे ११७५, म्हणजे १७७४-७५. पत्रात माधवरावसाहेबांचं नाव होतं, आणि सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ ला जन्मले हे आम्हाला दोघांनाही पाठ, त्यामुळे जुळलं म्हणून आम्ही पुढे गेलो. मी तर घरच्यांना सांगून पण टाकलं. चार दिवसांनी रात्री साडेदहाला ताईंचा फोन. "माझं चुकलं. पत्रात श्रीमंत कर्नाटकच्या स्वारीत आहेत असं आहे, तान्हं मूल स्वारीत कसं जाईल? मी परत भिंग घेऊन बसले, ते सबैन नाहीये, सितैन आहे. १७६४-६५. हे थोरले माधवराव." थोरले माधवराव पेशवे त्या वर्षी खरोखरच म्हैसूरच्या हैदर अलीवर कर्नाटकात गेले होते, आणि ते वारले १८ नोव्हेंबर १७७२ ला, म्हणजे १७७४ शक्यच नव्हतं. एका शब्दाने १० वर्षं सरकली आणि माणूसच बदलला. सकाळपर्यंत थांबल्या असत्या तरी काही बिघडत नव्हतं, पण चुकीचं वर्ष माझ्या घरात एक रात्र जास्त राहावं हे त्यांना सहन होईना. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो त्यांना किती येतं यापेक्षा या फोनमुळे जास्त आहे.

संपादक साहेब, आता तुमच्याकडे येतो. तुमच्या पेपरात इतिहासावरचे लेख येतात, मी ते कापून ठेवतो, आवडीने वाचतो. पण त्यात गोष्ट कुठून घेतली ते बहुतेक वेळा नसतं. बखरीतली आहे का, समकालीन पत्रातली आहे का, का कोणी शंभर वर्षांनी लिहिलेली आहे, वाचणाऱ्याला काही कळत नाही. बखरी वाईट असं नाही, पण घटनेच्या दिवशी लिहिलेलं पत्र आणि नंतर आठवून सांगितलेली हकीकत यांचं वजन सारखं नसतं. आणि पेपरात छापून आलं की लोक पुरावा म्हणून दाखवतात, भांडणं होतात, मी स्वतः नात्यातल्या लग्नात दोन सख्ख्या मावसभावांना एका तारखेवरून अबोला धरताना बघितलंय आणि दोघांचीही तारीख बरोबर होती, एकाची तिथीची आणि एकाची इंग्रजी.

मध्यंतरी एका लेखातली चूक मी आधारासकट एका दैनिकाला कळवली होती, उत्तर नाही आलं, दुरुस्ती पण नाही आली. मला त्याचं वाईट वाटलं ते माझं नाव आलं नाही म्हणून नाही, ती चूक आता कायमची झाली म्हणून.

माझी विनंती अशी की इतिहासाच्या लेखाखाली एक ओळ आधाराची टाका. फार जागा लागत नाही. तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही द्या, तारीख जुन्या कॅलेंडरची असेल तर तेवढा शब्द घाला. आणि चूक सापडली तर तिची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच अक्षरात छापा.

आणि जमलं तर घरोघरी पडलेल्या कागदांबद्दल पण लिहा. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव फिरले, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले आणि तरी दफ्तराचा फार मोठा भाग न छापलेलाच राहिला, माळ्यावरचे आणि ट्रंकेतले तर कोणी मोजलेच नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आपण सगळ्यांनी बघितलं. ज्यांना ही लिपी येते त्यातले बरेच जण आता ताईंच्या वयाचे आहेत, त्यांच्याशेजारी बसायला कोणीतरी पाहिजे, वर्ग निघतात ते चांगलंच आहे पण वर्गात मुळाक्षरं येतात, कागद वाचायला कागदासमोरच बसावं लागतं आणि शेजारी चुका काढणारं माणूस लागतं.

आमच्या रुमालातले अजून अकरा कागद वाचायचे आहेत. ताईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे सध्या मी फोटो मोठा करून अक्षर अक्षर फोनवर सांगतो, कुठे गाठ आहे, कुठे रेघ तुटली आहे, आणि त्या पलीकडून म्हणतात "आता मागचा शब्द परत सांगा."

हे पत्र पण त्यांना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. नाव घालू नका म्हणाल्या म्हणून घातलं नाही. आणि कर्नाटकच्या स्वारीचं साल मी नुसत्या आठवणीवर लिहिलं होतं, ते तपासल्याशिवाय पाठवू नका म्हणाल्या, तपासलं, मग पाठवतोय.

कळावे, लोभ असावा.
आपला एक नियमित वाचक