शेवगा तोडू नका, दरवर्षी छाटा

मा. संपादक यांस,
स. न.

वळवाच्या पावसात सांगली-मिरजेच्या उपनगरांत दरवर्षी जी पडझड होते, तिच्यात परसातल्या शेवग्याच्या फांद्या हमखास असतात. गच्चीच्याही वर गेलेले झाड सोसाट्याच्या वाऱ्यात मधोमध मोडते, फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर नाहीतर विजेच्या तारांवर पडते आणि दुसऱ्याच दिवशी घरमालक वैतागून ते बुंध्यापासून काढून टाकतो. शेवगा दारात नसावा, असे जुनी माणसे सांगत आली. त्यात अपशकुनाचा भाग सोडला तरी अनुभव निश्चित आहे, कारण शेवग्याचे लाकूड पोचट आणि ठिसूळ असते व त्यावर चढलेले पोर कधी फांदीसकट खाली येईल याचा नेम नसतो. मात्र ज्या झाडाला कोणी कधी करवत लावली नाही, त्याच्या मोडण्याचा राग झाडावर काढणे मला न्यायाचे वाटत नाही.

शेवगा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या, उंच गेलेल्या फांद्यांच्या टोकाशी चार शेंगा लागतात आणि त्या काढायला आकडी लावलेला बांबूही पुरत नाही. हेच झाड दरवर्षी शेंगा संपल्यावर जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर छाटले, तर खोडाला चहूबाजूंनी जोमदार फुटवे येतात व पुढच्या हंगामाच्या शेंगा उभ्याने हाताला लागतात. बियांपासून वाढवलेल्या रोपाच्या बाबतीत सुरुवात याहून लवकर करावी लागते. रोप अडीच फुटांचे झाले, म्हणजे साधारण दोन महिन्यांत, त्याचा शेंडा खुडावा. कोवळा शेंडा नखानेही खुडता येतो. पण इतके देखणे वाढणारे रोप खुडायला बहुतेकांचा हात धजत नाही आणि ते बांबूसारखे सरळ वर निघून जाते.

छाटणीची वेळ आमच्याकडे एप्रिलअखेर ते मेचा पूर्वार्ध ही सोयीची. भर पावसात छाटलेल्या खोडात पाणी मुरते आणि ते वरून खाली कुजत येते. जाड फांदी कोयत्याने तोडू नये. करवतीने आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा आणि मग वरून कापावे, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल लांबवर सोलून नेते. काप तिरका असावा, म्हणजे त्यावर पाणी ठरणार नाही. करवत फिरताच मुळ्यासारखा उग्र वास येतो, पुढे कापाच्या कडेला डिंक पाझरतो व वाळून तांबूस होतो; त्याने घाबरण्याचे कारण नाही. जखमेवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावावी. घरच्यापुरती शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, एकत्र करून, एकूण एक लिटर होईल इतकीच करावी. भांडी प्लास्टिकची घ्यावीत, लोखंडाची नकोत.

जमिनीचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जागोजागी निराळा आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतल्या मुरमाड बांधांवर शेवगा फारशा देखभालीविना येतो. कृष्णाकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र त्याची मुळे कुजतात. अशा ठिकाणी मुरूम, वाळू व शेणखत मिसळून फूट-दीड फूट उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे. धुण्या-भांड्याचे पाणी बारमाही शेवग्याकडे वळवण्याची आपली सवयही सोडलेली बरी. त्याने पाला गर्द होतो, पण फुले लागत नाहीत किंवा लागली तरी गळतात.

झाड बुटके ठेवण्याचा आणखी एक फायदा पावसाळ्यात दिसतो. केसाळ अळ्यांचे पुंजके दिवसा खोडाला चिकटून बसतात व रात्री पाला खातात. त्यांचे केस अंगाला लागले की खाज सुटते, आणि याच कारणाने अनेक शेवगे तोडले जातात. खोड आवाक्यात असेल, तर सकाळी हातमोजे घालून ते पुंजके खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडता येतात. काहीजण पेटता बोळा फिरवतात. त्यात सालही भाजते, म्हणून मी तो उपाय सुचवणार नाही.

घरासाठी जात निवडताना तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पीकेएम-1 किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा या दोन्ही चांगल्या. पीकेएम-1 बियांपासून लावतात आणि ती वर्षाच्या आत शेंगा देऊ लागते. शेजाऱ्याच्या चांगल्या झाडाची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी जूनमध्ये लावली तरी ती रुजते. छाटलेल्या फांद्या म्हणूनच घंटागाडीत टाकण्याआधी शेजारीपाजारी विचारावे. त्यांवरचा कोवळा पाला भाजीलाही होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शहरात अनेक संस्था रोपे वाटतात व शेवग्याला मागणीही चांगली असते. रोपासोबत शेंडा केव्हा खुडावा, छाटणी केव्हा करावी आणि विजेच्या तारांखाली ते का लावू नये, एवढ्या तीन ओळी मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी, अशी या संस्थांना आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली