आपला दवाखाना बंद झाला

गावभाग, सांगली

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत. रागावला असशील तर तुझं बरोबरच आहे. माझी तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज बसलोच, कारण शनिवारी आपल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. घरात सांगितलं तर म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

हे तर सहा महिन्यांपूर्वी मीच म्हणालो होतो, आणि आईला विश्रामबागेतल्या नव्या क्लिनिकला घेऊन गेलो होतो. तिथले डॉक्टर हुशार आहेत, हे आधी लिहितो. आईच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी त्यांनीच करायला लावली. ८.४ आली, तेव्हा गोळीही त्यांनीच वाढवली. पण आई समोर बसली की त्यांची मान कॉम्प्युटरमधून वर यायची नाही. "काही त्रास?" "नाही." झालं. दीड तास बाहेर बसायचं आणि आत चार मिनिटं. परतताना रिक्षात आई म्हणायची, "पायाला मुंग्या येतात ते सांगायचं राहिलंच." मी म्हणायचो, "पुढच्या वेळी सांगू." तीन वेळा म्हणालो रे.

शनिवारी तिला डॉक्टरांना शेवटचं भेटायचं होतं. तेच लाकडी बाक, कंपाउंडरकाका तसेच खिडकीत. डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी घेतलं आणि म्हणाले, "काकू, चप्पल काढा बघू." स्वतः खाली स्टुलावर बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. टाचेला रुपयाएवढी जखम! कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये ओल. चपलेचा खिळा वर आला होता. किती दिवस टोचत होता कोण जाणे, आईला पत्ताच नाही. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात अंगठ्यावर टेकवली. "कळतंय का?" आई म्हणाली, "लावा की मग." लावलेलीच होती.

साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, दुखत नाही म्हणून जखम चिघळत जाते, हे मी वाचलेलं होतं. रोज रात्री तिचे तळपाय बघायचं मात्र एकदाही सुचलं नाही.

तुला आठवतं, सातवीत तू तापानं फणफणला होतास आणि डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नव्हतं? तुझे अण्णा दवाखान्यातच ओरडले होते, "सुई न टोचणारा डॉक्टर कसला!" मी डॉक्टरांची बाजू घेतली म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नवव्या दिवशी भेळेचे पैसे नव्हते म्हणून बोललास! ताप तर तीन दिवसांत गोळ्यांवरच उतरला होता. ते भांडण मी जिंकलंय, आता तरी कबूल कर.

कपाट रिकामं करताना त्यांनी ज्याचे त्याचे केसपेपर परत दिले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा दवाखान्यात गळ्याएवढं पाणी होतं. नंतर काकांनी गच्चीत दोऱ्या बांधून एकेक कागद वाळवला होता. अजून त्या कागदांना कृष्णेच्या गाळाचा वास येतो. अण्णांचाही निघाला. डॉक्टर म्हणाले, "बंड्याला पाठव." सोबत ठेवलाय. शाई फुटली आहे, पण शेवटची ओळ वाचता येते: 'झोप नाही. मुलाची काळजी. बोललो.' औषध काहीच लिहिलेलं नाही. तू तेव्हा नोकरी सोडून पुण्यात बसला होतास. अण्णा तिथं जाऊन हे बोलत असतील, असं तुला तरी वाटलं होतं का?

आता आईला कुठं न्यायचं, हाच घोर आहे. विश्रामबागेतच न्यावं लागणार. या वेळी मी स्वतः आत जाणार, तिची चप्पल काढायला लावणार आणि "डॉक्टर, पाय बघा" म्हणणार. ते चिडले तर चिडोत. तिला नुसतं "काही त्रास?" विचारलं तर ती जन्मात काही सांगणार नाही.

वहिनींची बदली झाली का? चिंगीच्या दहावीचं कळव. नवं घर बघायला येईन.

ड्रेसिंग एक दिवसाआड चालू आहे, जखमेची ओल कमी झालीय. मऊ तळाची चप्पल आणली, तर आई म्हणते जुनीच बरी होती. तिला एक फोन कर, तुझं ऐकते ती.

तुझा,
बाळ्या