अपमान कुणाचा झाला की देशाचा होतो?

चिपळूण,
दिवाळीनंतरचा रविवार, २०२५

प्रिय मन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची फी ट्रम्पने एकदम एक लाख डॉलर केली त्या शुक्रवारी तुमची सगळ्यांची कशी तंतरली असेल ते कळतंय मला, लोक विमानात जाऊन बसलेले खाली उतरले म्हणे, आणि मग दुसऱ्या दिवशी खुलासा येतो की ही फी फक्त नव्या अर्जांना, जुन्यांना नाही. म्हणजे आधी लोकांचा जीव टांगणीला लावायचा आणि मग सांगायचं की घाबरू नका. राग यायलाच पाहिजे. पण शेवटी तू जे म्हणालास ना, की हा देशाचा अपमान आहे आणि दिल्लीत कोणाला काही पडलेली नाही, तिथे मी थांबलो. तसं परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं होतं, कुटुंबांची फरफट होईल वगैरे, अगदीच गप्प नव्हते. ते जाऊदे. मला दुसरंच काहीतरी आठवलं आणि व्हॉट्सॅपवर लिहायला गेलो तर ते मावेना, म्हणून हे पत्र.

याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, आत १०४ भारतीय, हातापायात बेड्या. जास्त करून पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते, आपल्या महाराष्ट्राचेही तिघं होते. बेड्यांचा व्हिडिओ कोणी चोरून काढला नव्हता, तिकडच्या सीमा पोलिसांच्या प्रमुखानेच तो मोठ्या कौतुकाने टाकला होता. मी तुला पाठवला तर तुझा रिप्लाय काय, "इल्लीगल गेले ना, मग? रूल्स आर रूल्स." वर अंगठा. आणि तू एकटाच नाहीस रे, आपल्या शाळेच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांचं हेच म्हणणं होतं, लाखो रुपये एजंटला देऊन जंगलातून कशाला जायचं, भोगा आता.

बरं, परत पाठवायला माझा काही आक्षेप नाही. आपला माणूस असेल तर आपण परत घेणार, हे आपलं सरकार आधीपासून म्हणत आलंय आणि बरोबर आहे. प्रश्न बेड्यांचा आहे. परराष्ट्रमंत्री जयशंकर दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत उभे राहिले आणि सांगितलं की हे नवीन नाही, २००९ पासूनचे आकडे वाचून दाखवले, बेड्या घालायची पद्धत २०१२ पासूनची आहे आणि बायकामुलांना घालत नाहीत म्हणाले, वाईट वागणूक मिळू नये म्हणून आम्ही अमेरिकेशी बोलतोय असंही म्हणाले. माहिती म्हणून सगळं ठीक, पण आपला मंत्री समोरच्याची नियमावली आपल्यालाच समजावून सांगतोय हे ऐकताना मला कसंतरीच झालं. त्याच्या दहा दिवस आधी कोलंबियाने अमेरिकेची लष्करी विमानं उतरू दिली नव्हती, ट्रम्पने टॅरिफची धमकी दिल्यावर त्यांचा अध्यक्ष त्याच दिवशी नमला हे खरं, पण पुढे त्यांनी स्वतःची विमानं पाठवून आपली माणसं आणली. म्हणजे भांडण हरूनही एवढं करता येत होतं. आणि आपल्याला विमानं पाठवता येत नाहीत असं थोडंच आहे! १९९० मध्ये कुवेतमधून लाखाच्या वर माणसं एअर इंडियाने आणली, २०१५ ला येमेनमधून साडेचार हजारांवर आपली आणि वर ४१ देशांची माणसं बाहेर काढली, तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंग स्वतः तिकडे जिबूतीत जाऊन बसले होते. करायचं मनात असलं की आपलं सरकार फार चांगलं करतं हे मी मनापासून म्हणतो.

आता जरा मागे जाऊ, डिसेंबर २०१३. देवयानी खोब्रागडे आठवते? न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमधली आपली अधिकारी. तेव्हा तू नुकताच तिकडे गेला होतास आणि तुझा फेसबुक डीपी तिरंगा झाला होता, रोज दोन दोन पोस्टी. मुलीला शाळेत सोडून निघाली होती, तिथे अटक, हातकड्या, मग कपडे उतरवून झडती, अडीच लाख डॉलरच्या जामिनावर सुटका. इथे मुंबईत तर जास्तच पेटलं कारण वडील उत्तम खोब्रागडे बेस्टचे जीएम राहिलेले, नाव ओळखीचं. मी पण भडकलो होतो, भडकण्यासारखंच होतं ते, पैशाच्या वादात कोणाचीही अशी झडती घेणं हा आचरटपणा आहे.

आणि मग आपण काय केलं ते बघ. चाणक्यपुरीतल्या अमेरिकन वकिलातीबाहेरचे बॅरिकेड हलवले, त्यांच्या लोकांचे एअरपोर्टचे पास काढून घेतले, ओळखपत्रं परत मागवली, दारू मागवायची सवलत बंद. अमेरिकेच्या संसदेचं शिष्टमंडळ आलं होतं, त्याला भेटायला नरेंद्र मोदींनी नकार दिला, राहुल गांधींनी दिला, आपले सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री होते त्यांनीही दिला. मोदी आणि राहुल एका बाजूला, असं चित्र परत कधी दिसलं नाही बघ. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद म्हणाले देवयानीला परत आणल्याशिवाय मी सभागृहात पाऊल ठेवणार नाही. भाजपचे यशवंत सिन्हा तर म्हणाले की अमेरिकन अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना अटक करा, कारण समलिंगी संबंध गुन्हाच ठरवणारा, ३७७ कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल तिच्या अटकेच्या आदल्याच दिवशी आला होता! म्हणजे अमेरिकेला धडा शिकवायचा म्हणून कोणाला आत टाका, तर ज्याचा काही संबंधच नाही त्याला. निवडणूक चार-पाच महिन्यांवर आली होती, कोणालाच कमी पडायचं नव्हतं.

या सगळ्यात एक बाई होती, संगीता रिचर्ड. देवयानीच्या घरी कामाला. तीसुद्धा भारतीय, पासपोर्ट आपलाच. आरोप असा होता की व्हिसाच्या कागदावर तासाला पावणेदहा डॉलर दाखवले आणि दुसरा एक करार केला त्यात महिन्याला तीस हजार रुपये. खरं-खोटं कोर्टात ठरलंच नाही शेवटपर्यंत, देवयानीची बदली संयुक्त राष्ट्रांच्या आपल्या कार्यालयात दाखवून तिला पूर्ण इम्युनिटी, म्हणजे खटल्यापासून संरक्षण, मिळवून दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती परत आली. पण मला सांग, त्या महिनाभरात आपल्यापैकी एकाने तरी विचारलं का की त्या बाईला पगार किती मिळत होता आणि ती कामाला किती तास होती? उलट तिच्यावर दिल्लीच्या कोर्टाचं वॉरंट आधीच निघालेलं होतं. तिच्या नवऱ्याला आणि मुलांना अमेरिकेने आधीच उचलून नेलं म्हणून आपण चिडलो, आणि ते चिडणंही तसं चूक नव्हतं, आपल्या कोर्टात केस चालू असताना दुसऱ्या देशाने असं परस्पर माणसं न्यायची म्हणजे काय. पण सगळ्यात भारी काय झालं माहितीये, आपण अमेरिकन वकिलातीला चिडून विचारलं की तुमचे अधिकारी इथे घरकामाला माणसं ठेवतात त्यांना पगार किती देता ते सांगा. अरे, हा प्रश्न चांगलाच आहे की! फक्त तो त्यांना विचारला, आपल्या घरात कोणी विचारला नाही.

आणि ज्याने केस घातली तो प्रीत भरारा, जन्म फिरोजपूरचा. त्याला आपण घरभेदी ठरवलं. तो तेव्हा तिकडचा सरकारी वकील, तिकडचा पगार घ्यायचा, त्याने आपल्या बाजूने का वागावं? उद्या तुझा पोरगा तिकडे वकील झाला तर?

कायद्याचं म्हणशील तर वाद तेवढा सोपा नव्हता. राजदूताला मिळतं तसं पूर्ण संरक्षण कॉन्सुलेटच्या माणसाला नसतं, १९६१ चा व्हिएन्ना करार वेगळा आणि १९६३ चा वेगळा. ६३ च्या करारात कॉन्सुलेटच्या माणसाला त्याच्या सरकारी कामापुरतं संरक्षण, अटक करायची तर गंभीर गुन्ह्यातच. आता गंभीर कशाला म्हणायचं यावर दोघं भांडले. गंमत म्हणजे याच ६३ च्या कराराच्या ३६व्या कलमावर आपण पुढे पाकिस्तानला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात हरवलं, कुलभूषण जाधव प्रकरणात, २०१९ ला, हरीश साळवेंनी फी म्हणून एक रुपया घेतला ती केस. आणि ते कलम नुसतं साहेबलोकांसाठी नाही, परदेशात पकडला गेलेला कुठलाही साधा माणूस असो, त्याने मागणी केली की त्याच्या वकिलातीला कळवलं पाहिजे आणि त्यांना भेटू दिलं पाहिजे असं ते सांगतं. आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला हे एवढं तरी माहीत असायला हवं.

आखाताचं मुद्दाम काढलं कारण आपण कोकणातले. दाभोळचा तो आपल्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, तो कुवेतला होता. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला, पाच महिने पगार नाही, खोलीत दहा जण. शेवटी वकिलातीच्या दारात जाऊन बसला, तिथल्या एका अधिकाऱ्याने चांगली मदत केली म्हणतो, पण परत आला तो हात हलवत. त्याच्यासाठी कोणी डीपी बदलला नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये कुवेतमधल्या मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने कोचीला आले, दोन दिवस बातमी, इकडे मोदींचं तिसरं सरकार नुकतंच आलेलं, खातेवाटप झालेलं, त्या गडबडीत सगळं विसरले. हेच लोक दरवर्षी घरी पैसे पाठवतात म्हणून आपण जगात एक नंबरला आहोत, २०२४ मध्ये सव्वाशे अब्ज डॉलरच्या वर आले, त्यात तुमचे जसे तसे त्यांचेही. त्या आकड्याचा अभिमान मात्र सगळ्यांना आहे.

२०१८ चं तुला माहीत नसेल कदाचित. दहावी न झालेल्यांना काही देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागते, तर अशा लोकांना केशरी रंगाचा पासपोर्ट द्यायचा असं जानेवारीत सरकारने ठरवलं होतं. म्हणजे एअरपोर्टवर लांबूनच कळावं की हा कमी शिकलेला आहे! केरळात बोंबाबोंब झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे घेतला. आपल्याकडे कोकणात त्यावर एक मोर्चा निघाला नाही, आणि जाणारे तर इथूनही कमी नाहीत.

घरात मोठ्या मुलाला कोणी बोललं की सगळे अंगावर धावून जातात आणि गड्याला बोललं की टीव्हीचा आवाज वाढवतात, तसं आहे आपलं. मला यात पक्ष-बिक्ष दिसत नाही. तेव्हाच्या यूपीएने बॅरिकेड हलवले, आत्ताच्या सरकारने नियम वाचून दाखवले, पण उलट असतं तरी फार फरक पडला नसता, कारण दोघांनाही पक्कं माहीत आहे की आपण, म्हणजे तू आणि मी, कशावर चिडणार आणि कशावर नाही. परराष्ट्र धोरणावर कोणी मत देत नाही असं पूर्वी म्हणायचे, २०१९ च्या बालाकोटनंतर ते कोणी म्हणत नाही. लोक मत देतात. फक्त पाकिस्तानला काय उत्तर दिलं यावर देतात, कतारच्या तुरुंगातून माणूस सुटला का यावर नाही. आणि ते काम तर झालं होतं रे, नौदलाच्या आठ माजी लोकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे फाशी सुनावली होती, कसलाही गाजावाजा न करता बोलणी केली, आधी फाशी रद्द झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सात जण घरी आले. तेव्हा जर आपण दिल्लीतल्या कतारच्या वकिलातीचे बॅरिकेड हलवत बसलो असतो आणि चॅनेलवाले रोज रात्री कतारला इशारे देत बसले असते तर ती माणसं सुटली असती का? मला शंका आहे.

आता तू म्हणशील अधिकारी म्हणजे देशाचा प्रतिनिधी, त्याचा अपमान तो देशाचा अपमान, कामगार काय प्रतिनिधी नसतो. हे तू २०१३ लाही म्हणाला होतास. मला पटलं नाही, कारण मग तू कोण? तू तर खाजगी कंपनीत नोकरीला आहेस, तुला कोणी प्रतिनिधी म्हणून पाठवलेलं नाही, तरी तुला वाटतंय की दिल्लीने तुझ्यासाठी आवाज चढवावा. चढवावाच, माझं शंभर टक्के तेच म्हणणं आहे. पण मग त्या १०४ जणांना "रूल्स आर रूल्स" म्हणता येणार नाही, कारण तुझी ती एक लाख डॉलरची फीसुद्धा अमेरिकेच्या भाषेत रूलच आहे.

चिडू नकोस, चिडलास तर फोन कर, शनिवारी रात्री मी मोकळा असतो. ग्रीन कार्डाचं काय झालं तेही कळव, आई विचारत असते. आणि एक काम होतं. तो दाभोळवाला परत निघालाय, या वेळेला मस्कतला. मी त्याला समोर बसवून ई-मायग्रेट या सरकारी साइटवर एजंटचा परवाना तपासला, आहे खरा, पण करार इंग्रजीत आहे आणि ओव्हरटाइमचं कलम मला नीट लागत नाहीये. तुला फोटो पाठवतो, बघून सांग. पुढच्या आठवड्यात सही करायचीय त्याला.

तुझा,
बाळ्या