काम नसताना धुळ्यात

धुळे, श्रावण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘सुट्टीत धुळ्याला येऊन करायचं काय, बघण्यासारखं तिथं आहे तरी काय?’ ही ओळ वाचून गप्प बसवेना.

हल्ली संध्याकाळी मी काही काम नसताना बाहेर पडतो. आई विचारते, “कथा जाई ऱ्हायना रे?” कुठं चाललास, म्हणून. असाच, म्हणतो मी, आणि खरंच असाच जातो. ज्या गल्लीतून भाजलेल्या खोबऱ्या-लसणाचा वास येईल तिकडं वळायचं, एवढंच ठरलेलं.

आपल्या गल्ल्यांना नंबर आहेत याचं आपल्याला लहानपणी कधी नवल वाटलं का? १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जनं पुढच्याच वर्षी पांझरेकाठी नव्या पेठेची आखणी केली. कागदावर सरळ रेघा ओढल्या त्यानं. त्या रेघांवर दोनशे वर्षांत लोकांनी काय काय मांडलंय, ते बघत चालावं. कुठं ओट्यावर पत्त्यांचा डाव, कुठं बंद दुकानाच्या फळीवर मांजरीची पिल्लं, कुठं दोन घरांमध्ये बांधलेल्या दोरीवर रंगीत साड्यांचं छत. त्याखालून जाताना डोक्यावर आधी हिरवी सावली पडते, मग जांभळी. मी परत मागं जाऊन पुन्हा चाललो.

आणि कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवार! रविवारी रात्रभर जागरण झालेलं, तरी सकाळी बायकांच्या अंगात काय उत्साह. नारळाची कानबाई, तिला डोळे, नथ, दागिने. डोक्यावर घेतलेला चौरंग, पुढं बँड, मागं अख्खी गल्ली. आग्रा रोडवर दोन कानबाया समोरासमोर आल्या. दोन्ही बँड वेगवेगळी गाणी वाजवत होते, आणि दोन्हीकडच्या बाया एकमेकींत मिसळून फुगड्या घालायला लागल्या. मागं एसटी अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही; स्टिअरिंगवरचे हात सोडून त्यानं खिडकीतून देवीला नमस्कार केला. एक आजी बसमधून उतरून दोन गिरक्या मारून परत जागेवर जाऊन बसल्या. मी पोट भरून हसलो आणि डोळ्यांत पाणीही आलं. कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी सुरत-पुण्याहून भाऊबंद घरी येतात, ते उगीच नाही.

राजवाडे मंडळाकडेही हल्ली पाय वळतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरून जुनी दप्तरं गोळा करत. १९२६च्या शेवटच्या दिवशी ते इथंच, धुळ्यात गेले, आणि १९२७मध्ये लोकांनी हे मंडळ उभं केलं. बाहेर रिक्षा, भाजीवाल्या, शाळेची पोरं, आणि आत शेकडो वर्षांपूर्वी कुणी कुणाला लिहिलेली पत्रं. रस्त्यानं जाताना मला वाटतं, त्या पत्रांतली माणसंही अशीच कोथिंबिरीचा भाव करत असतील. मोठी गंमत वाटते, खरंच.

बघण्यासारखं म्हणजे तिकीट काढून बघायचं, असं तुला वाटत असेल तर तसं इथं फारसं नाही. लळिंगचा किल्ला आहे, जाऊ एक दिवस. पण आधी तू माझ्याबरोबर बिनकामाचा हिंड. पुण्यातही हिंड रे, तुझ्या ऑफिसच्या वाटेवरसुद्धा कुणीतरी दोरीवर साड्या वाळत घालत असेलच.

दिवाळीत ये. चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीनंच ये, खिडकीशी बस. कपाशी फुटलेली असेल. वहिनींना आणि पोरांना आण. तारीख आठ दिवस आधी कळव, म्हणजे भरिताची हिरवी वांगी शेतातून मागवून ठेवतो. कळण्याच्या भाकरी आई करणार आहे, तिनं आत्ताच सांगितलंय.

तुझाच,
बाळू