दहावीच्या वर्षीही मैदान हवेच

दहावीच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर खेळ आणि छंद बाजूला ठेवावेत, असा सल्ला देणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे. सल्ला मात्र पटला नाही. ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परीक्षेच्या वर्षाला त्यातून सूट दिलेली नाही. आपले राज्य मंडळ तर खेळ, चित्रकला व शास्त्रीय कलांसाठी दहावीत सवलतीचे गुण देते. पण तिथेही आपण पालक हिशेबच मांडतो. इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा झाली, गुण पदरात पडले, की मुलांच्या हातातला कुंचला सुटतो आणि तो पुन्हा धर, असे कोणी म्हणत नाही. याचे फार वाईट वाटते.

नागपुरात अनेक पदव्या मिळवणारे दिवंगत नेते डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दाखला घरोघरी दिला जातो. वैद्यक, कायदा, १९८० मधील आमदारकी हे सारे मुलांना सांगताना त्यांची चित्रकला, छायाचित्रण आणि रंगभूमीची आवड आपण नेमकी गाळतो.

शहरातील शिकवणी वर्गांनी आठवड्यातून किमान दोन दिवस संध्याकाळी सुट्टी द्यावी आणि शाळांनी दहावीचा खेळाचा तास गणित-विज्ञानाला देणे थांबवावे.

– एक पालक, धरमपेठ, नागपूर